आठव्या वर्षातली फेरारी: ४८८ जीटीबी आणि अधिकृत डीलरची सेवा

जुन्या फेरारीची जाहिरात आली की लोक आधी रंग बघतात, मग किलोमीटर. दोन्ही नंतर बघा. आधी पहिल्या नोंदणीची तारीख शोधा, तिच्यात सात वर्षं मिळवा आणि त्या दिवसानंतर गाडीची सर्व्हिस कुणी केली ते विचारा. ४८८ जीटीबी घ्यायची की नाही, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

कारण असं. फेरारी नव्या गाडीबरोबर सात वर्षांची नियमित देखभाल देते. दर २०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, ठरलेल्या यादीप्रमाणे तेल, फिल्टर, वेळ झाली की प्लग, कॉम्प्युटरवरची पूर्ण तपासणी आणि मजुरी, सगळं त्यात येतं. गाडी किती चालवायची यावर बंधन नाही. ही योजना मालकाशी नाही, गाडीशी जोडलेली असते. म्हणजे पहिल्या मालकाने तीन वर्षांनी गाडी विकली तर उरलेली चार वर्षं दुसऱ्याला मिळतात. आपल्याकडे एवढ्या महागड्या गाडीला सर्व्हिस बिलाची धास्ती असते, आणि या सात वर्षांत ती खरोखर कमी होते. डीलरच्या सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट कुठली म्हणाल तर हीच.

पण ४८८ चा जन्म २०१५ चा, जिनिव्हा मोटर शोमधला. २०१९ मध्ये तिची जागा एफ८ ट्रिब्युटोने घेतली. आपल्या बाजारात आज विकायला येणाऱ्या बहुतेक ४८८ ची सात वर्षं संपलेली आहेत किंवा संपत आली आहेत. नेमक्या याच वळणावर पुष्कळ मालक गाडी विकायला काढतात. आठव्या वर्षाचं पहिलं बिल स्वतःच्या खिशातून भरायचं असतं, वॉरंटी वाढवायची तर तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्या तपासणीत जे निघेल ते आधी दुरुस्त करावं लागतं. म्हणून पहिल्या सात वर्षांच्या शिक्क्यांनी भरलेलं सर्व्हिस बुक बघून खूश होऊ नका. आठव्या वर्षाचा शिक्का आहे का, ते बघा.

भारतातल्या गाड्यांना आणखी एक इतिहास आहे. फेरारी अधिकृतपणे २०११ मध्ये इथे आली, पण पहिल्या वितरकाबरोबरचा करार टिकला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये कंपनी नव्याने आली तेव्हा मुंबईसाठी नवनीत मोटर्स आणि दिल्लीसाठी सिलेक्ट कार्स असे दोन डीलर नेमले. ४८८ या दुसऱ्या पर्वातली गाडी, त्यामुळे तिची नोंद सलग मिळायला हवी. ४५८ इटालिया किंवा जुनी कॅलिफोर्निया ही फेरारीची आधीची मॉडेलं बघत असाल तर या दोन पर्वांच्या मधल्या काळात सर्व्हिस कुठे झाली, हे कागदावर मागा.

गाडीबद्दल थोडक्यात. ३,९०२ सीसीचं व्ही८ इंजिन, दोन टर्बो, ६७० अश्वशक्ती, ७६० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा ड्युअल क्लच. एका सिलिंडरची क्षमता ४८८ सीसी भरते, नाव तिथून आलं. कॅमशाफ्ट साखळीवर चालतात, पट्ट्यावर नाही. हा फरक किरकोळ नाही. जुन्या ३६० मोडेनाचा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी उभी असली तरी. त्याआधीच्या एफ३५५ ला तर त्यासाठी इंजिन खाली उतरवतात. ४८८ मध्ये ती कटकट नाही, आणि फेरारी म्हटल्यावर जी भीती लोकांच्या मनात बसलेली आहे तिच्यातला मोठा भाग त्या जुन्या गाड्यांचा आहे.

नवी घ्यायची असेल तर आधी कराचं गणित मांडून बघा. ४० हजार डॉलरच्या वरच्या तयार आयात गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पापासून मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत उपकर ४० टक्के, मिळून ११० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी ४० टक्के. समजा बंदरात उतरताना गाडीची किंमत २ कोटी आहे. सीमाशुल्क आणि उपकर २ कोटी २० लाख, बेरीज ४ कोटी २० लाख. त्यावर जीएसटी १ कोटी ६८ लाख. झाले ५ कोटी ८८ लाख, आणि अजून डीलरचा नफा, विमा आणि आरटीओ बाकीच आहेत. व्यापार करार आणि अर्थसंकल्प यांनी हे दर बदलतात, आणि अशी गाडी बुक केल्यापासून हातात यायला बराच काळ जातो. म्हणून बुकिंगच्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या: कर वाढला तर फरक कुणी भरायचा, आणि कर कमी झाला तर तो फायदा कुणाला. दुसरी ओळ सहसा कुणी लिहून घेत नाही.

आयात शुल्काचं ओझं काय असतं हे मराठी माणसाला एका गाडीने शिकवलं. सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये भेट मिळालेली ३६० मोडेना. तिच्यावरचं १ कोटी १३ लाखांचं शुल्क माफ करण्यावरून वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी ते फियाटने भरलं. गाडीपेक्षा शुल्क मोठं होतं. आजही तेच आहे.

महाराष्ट्रात आयात गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स २० टक्के, पण त्याला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. सहा कोटींच्या गाडीला ३० लाख म्हणजे पाच टक्के. एवढ्यासाठी दुसऱ्या राज्यातलं पासिंग करून आणणं मला पटत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेली गाडी तिथे पुन्हा नोंदवावी लागते. बाहेरच्या नंबरची जुनी फेरारी मुंबईत घेताना हा कर तुमच्याच गळ्यात येतो, तेव्हा तो किमतीतून वजा करूनच बोला. शिवाय दहा लाखांवरच्या नव्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो वाया जात नाही, आयकर विवरणात वळता करून घेता येतो. त्याची नोंद तुमच्या पॅनवर दिसते की नाही हे त्याच तिमाहीत तपासा.

दुबई किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून जुनी फेरारी आणण्याचा विचार बरेच जण करतात. वापरलेल्या गाडीच्या आयातीला वयाची अट तीन वर्षं आणि स्टिअरिंग उजवीकडे. तिकडच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या, म्हणून विषय तिथेच संपतो.

आता जुनी ४८८ घेण्याची खरी कामं.

चेसिस नंबर मिळाल्याबरोबर तो अधिकृत डीलरला द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा: सर्व्हिसची तारीखवार यादी, वॉरंटीखाली बदललेले भाग आणि बाकी राहिलेले रिकॉल. शेवटचा मुद्दा गंभीर आहे. २०२२ मध्ये फेरारीने फक्त अमेरिकेत २३,५५५ गाड्या परत बोलावल्या. ब्रेक फ्लुइडच्या टाकीच्या झाकणातून हवा नीट आत येत नसे, आत पोकळी तयार होई आणि फ्लुइड गळून ब्रेक कमी होण्याचा किंवा जाण्याचा धोका होता. त्यात ४८८ होती. उपाय म्हणजे नवं झाकण आणि पातळी घसरली की आधीच इशारा देणारं सॉफ्टवेअर. काम लहान आहे, पण झालेलं असायलाच हवं. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये जात राहिली तर नेमकं असंच काम राहून जातं.

मग कागद. आरसीवरचं नाव, बँकेचं कर्ज, वाहन पोर्टलवरचे दंड. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, राज्य बदलत असेल तर फॉर्म २८. आयात गाडीला आणखी एक कागद लागतो, तो म्हणजे कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री. शुल्क चुकवून आलेल्या गाड्या तपास यंत्रणा नंतर जप्त करतात, आणि तेव्हा ती तिसऱ्या मालकाच्या दारात उभी असली तरी सुटत नाही. हा कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलू नका. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि जीएसटीचं बिल लागतं.

प्रत्यक्ष तपासणी अधिकृत वर्कशॉपमध्येच करून घ्या, आणि विकणाऱ्याने ठरवलेल्या नाही तर तुम्ही पैसे भरून मागितलेल्या तपासणीवर भर द्या. फेरारी अप्रूव्ह्ड या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गाड्यांची सुमारे २०० मुद्द्यांवर तपासणी होते आणि त्यावर वॉरंटी मिळते. त्यासाठी बाहेरच्या दालनापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. ते मोजावेत, कारण या गाडीत एक भाग असा आहे की तो बिघडला तर वाचवलेले सगळे पैसे एका दिवसात जातात.

तो भाग म्हणजे गिअरबॉक्स. फेरारीचा सात गिअरचा ड्युअल क्लच वेगवान आणि एरवी टणक आहे. एफ४३० च्या काळातल्या एफ१ गिअरबॉक्ससारखा तो क्लच खात नाही. त्या जुन्या गाड्यांत एक क्लच असे, ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकवताना तो घासला जाई आणि किती टक्के झिजला ते डीलरच्या कॉम्प्युटरवर दिसे. ड्युअल क्लचमध्ये दुखणं वेगळं आहे: आतले सेन्सर आणि तेलाचे सील. सेन्सरला चुकीचा आकडा दिसला की गाडी एखादा गिअर नाकारते, पडद्यावर ट्रान्समिशनचा इशारा येतो. बिघडलेला सुटा भाग तळहातावर मावेल एवढा. पण तो गिअरबॉक्सच्या पोटात आहे, आणि अधिकृत जाळ्यात बराच काळ उत्तर एकच होतं: अख्खा गिअरबॉक्स बदला. परदेशात काही स्वतंत्र कारागिरांनी तो उघडून सेन्सर आणि सील बदलण्याचं तंत्र बसवलं. इथे तशी सोय हाताशी नाही. माझ्या मते डीलरच्या सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच आहे. लहान भागाच्या दुखण्याला अख्ख्या गिअरबॉक्सचं बिल लावणं कुठल्याही ग्राहकाला न्याय्य वाटणार नाही.

म्हणून गिअरबॉक्स नीट बघा. गाडी रात्रभर थंड राहिलेली हवी. इंजिन मागे आहे, म्हणून आल्याआल्या मागच्या इंजिनच्या झाकणावर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू करून एक मिनिट थांबा, मग पहिला, न्यूट्रल, रिव्हर्स, पुन्हा पहिला असं पाच-सहा वेळा करा. प्रत्येक वेळी गिअर पटकन आणि दणका न देता पडायला हवा. रस्त्यावर हाताने सातपर्यंत चढवा आणि एकेक उतरवा. एक, तीन, पाच, सात एका क्लचवर आणि दोन, चार, सहा दुसऱ्यावर असतात. फक्त विषम किंवा फक्त सम गिअरमध्ये अडखळत असेल तर कुठली बाजू आजारी आहे ते कळतं. तीस-चाळीस मिनिटं चालवून तेल पूर्ण तापल्यावर रिव्हर्स पुन्हा टाकून बघा. गरम झाल्यावर उमटणारी खोड थंडीत दिसत नाही. परत आल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन खालची पत्र्याची आवरणं काढायला लावा. गिअरबॉक्सच्या जोडावर ओलसरपणा, तेलाची धूळ चिकटलेली रेघ दिसली तर ती फोटोसकट अहवालात घ्या. आवरण न काढता केलेली तपासणी धरू नका. या गाडीचं पोट सपाट पत्र्यांनी झाकलेलं असतं, आणि गळणारं तेल त्यांच्यावर साठतं, जमिनीवर पडत नाही.

याच कारणासाठी वाढीव वॉरंटी. नव्या गाडीला तीन वर्षांची वॉरंटी असते, ती पुढे वाढवता येते, आणि नंतर इंजिन, गिअरबॉक्स अशा मुख्य भागांसाठी पंधराव्या वर्षापर्यंत वर्षावर्षाने घेता येते. चालू वॉरंटीची गाडी मिळाली तर तिला प्राधान्य द्या, आणि तारीख संपण्याच्या दोन महिने आधी पुढच्या वर्षाची मागा. मध्ये खंड पडला की पुन्हा तपासणी, पुन्हा दुरुस्त्या, पुन्हा खर्च. एका वर्षाचा हप्ता जड वाटतो. गिअरबॉक्सच्या किमतीशेजारी ठेवून बघा, मग वाटणार नाही.

दुसरी महागडी जागा म्हणजे ब्रेक. ४८८ ला कार्बन-सिरॅमिक डिस्क येतात. शांतपणे चालवणाऱ्याला त्या वर्षानुवर्षं पुरतात. लोखंडी डिस्कसारख्या त्या फक्त जाडीने झिजत नाहीत, जास्त तापल्यावर आतला कार्बन जळून वजन घटतं. म्हणून नुसती पट्टी लावून समाधान मानू नका, वर्कशॉपमध्ये डिस्कची झीज यंत्रावर मोजून प्रत्येक चाकाचा आकडा लिहून मागा.

पण आपल्याकडे या डिस्क झिजून जाण्याआधी फुटतात, आणि फुटतात त्या टायरच्या दुकानात. या गाडीचं चाक नटवर नाही, पाच बोल्टवर बसतं. म्हणजे हबमधून बाहेर आलेला दांडा नाही, शेवटचा बोल्ट निघाला की चाकाला लटकायला काही उरत नाही. वीस इंची रिम सुटते, दोन बोटं खाली येते आणि तिची आतली कड डिस्कच्या कडेवर आपटते. आवाज चिनी मातीच्या बशीवर चमचा लागल्यासारखा, लहानसा. डिस्कच्या कडेचा तांदळाएवढा कण उडतो. दुकानातल्या पोराला वाटतं काही झालं नाही. पण कडेचा टवका ठरावीक मापापेक्षा मोठा असेल तर डिस्क बाद, आणि डिस्क जोडीने बदलावी लागते. उपाय साधा आहे. वरच्या बोल्टच्या जागी लांब मार्गदर्शक पिन घालायची, चाक तिच्यावर सरळ बाहेर ओढायचं, बसवतानाही तिच्यावरूनच सरकवायचं. ही पिन गाडीच्या टूलकिटमध्ये ठेवा. टायर बदलायला जाल तिथे चाक सुटेपर्यंत शेजारी उभे राहा. विकत घेतानाही टॉर्च लावून चारही डिस्कची कड बोटाने फिरून बघा.

टायरची मापं पुढे २४५/३५, मागे ३०५/३०, रिम २० इंच. फेरारीने मान्य केलेल्या टायरच्या बाजूवर खास खूण असते; चारही टायर एकाच बनावटीचे आणि एकाच खुणेचे हवेत. बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या कमी चाललेल्या गाड्यांत नक्षी नवी आणि रबर म्हातारं असं हमखास दिसतं. सहा वर्षांवरचा टायर चकाकत असला तरी बदला, ६७० अश्वशक्ती मागच्या दोनच चाकांवर जाते. स्टेपनी नाही, फक्त फेस भरायची किट.

मुंबई-पुण्यात चालवायची तर पुढचं नाक उचलणारा लिफ्टर असलेलीच गाडी घ्या. हा जादा पैशाचा पर्याय होता, म्हणून प्रत्येक गाडीत नाही आणि नंतर बसवणं व्यवहार्य नाही. बटण दाबल्यावर पुढचा भाग ४० मिलिमीटर वर येतो. नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असायला हवा. तसा असेल तर ४८८ अलगद जाते. सोसायटीच्या दारातल्या आखूड, टोकदार ब्रेकरवर नाही. तपासताना लिफ्टर पाच वेळा वर-खाली करा, दोन्ही बाजू सारख्या उठतात का आणि वर उचलून ठेवल्यावर दहा मिनिटांत बसतात का ते बघा. मग खाली वाकून पुढच्या ओठाची आणि त्यामागच्या रेडिएटरच्या जाळीची अवस्था बघा. ओठ खरवडलेला चालतो, रेडिएटरला मार लागलेला चालत नाही. गाडीची रुंदी आरशांशिवाय १,९५२ मिलिमीटर आहे. यांत्रिक पार्किंगच्या ट्रेमध्ये ती बसते का, हे गाडी घेण्याआधी टेप लावून मोजा.

आतल्या दोन खुणा उन्हाच्या. डॅशबोर्डचं चामडं काचेजवळ आकसून वर उचललं जातं, आणि काही बटणांवरचा मऊ थर उष्णतेने, दमटपणाने वितळून चिकट होतो. बोट लावलं की गुळाच्या पाकासारखं ओढतं, नखाने काळी रेघ उठते. ४५८ आणि त्याआधीच्या गाड्यांत हे जास्त, पण ४८८ मध्येही प्रत्येक बटण दाबून बघा. डीलर बहुधा नवा भाग सुचवतो. थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळू काढून पुन्हा रंग आणि चिन्हं चढवणं स्वस्त पडतं, मात्र हाताला सवय असलेल्या माणसाकडूनच. डॅशबोर्डचं चामडं मात्र पूर्ण उतरवून पुन्हा ताणावं लागतं आणि त्या कामाला वेळ जातो. गाडी घरी आली की काचेवर पडदा आणि वर कापडी कव्हर, एवढ्याने हे बरंच टळतं.

घरी सांभाळताना पहिला शत्रू उभी गाडी. बॅटरी चांगली भरलेली असेल तर १२.६ व्होल्टच्या वर दाखवते, १२.२ वर आली म्हणजे निम्मी गेली. व्होल्टेज पडलं की या गाडीत एकाच वेळी पाच-सहा इशारे पेटतात आणि मालक घाबरून फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, बोलावतो. गाडीबरोबर येणारा बॅटरी कंडिशनर पार्किंगमध्ये कायम लावून ठेवायचा. विकत घेताना तो मागा, बॅगेसकट. पार्किंगमध्ये प्लगपॉइंट नसेल तर सोसायटीकडून आधी परवानगी घ्या.

दर पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढली तर अर्धा तास तरी चालवा. सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवणं वाईट: तेल पूर्ण तापत नाही, आत ओलावा राहतो. तेल तपासण्याची पद्धतही साध्या गाडीपेक्षा वेगळी आहे. ड्राय सम्प असल्यामुळे तेल वेगळ्या टाकीत राहतं, आणि इंजिन तापलेलं असताना, पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने बघावं लागतं. थंड गाडीत काडी काढून कमी दिसलं म्हणून ओतत राहिलात तर तेल जास्त होतं, आणि जास्त झालेलं तेल हवेच्या मार्गात जातं. ब्रेक फ्लुइड ओलावा शोषतो. किनाऱ्यावरच्या गाडीला किमान दर दोन वर्षांनी तो बदला, किलोमीटर कितीही असोत.

पेट्रोल शक्यतो १०० ऑक्टेन. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आलं, त्यात मुंबई आणि पुणे होती. ४८८ ही ई२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, आधीच्या काळातली गाडी आहे, आणि इथेनॉल ओलावा ओढतं. ७८ लिटरची टाकी भरून गाडी चार महिने झाकून ठेवायची असेल तर त्या टाकीत काय भरलंय ते महत्त्वाचं ठरतं. पावसाळ्यात उंदीर कोरड्या, उबदार जागेच्या शोधात इंजिनजवळ येतात आणि वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा मागची काच उघडून टॉर्चने बघा. विम्यात झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन संरक्षण, या दोन्ही जोडण्या घ्या. आठ वर्षांच्या गाडीला पहिली मिळवायला घासाघीस करावी लागते, करा. तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरत असेल तर जून ते सप्टेंबर गाडी वरच्या मजल्यावर हलवणं कुठल्याही विम्यापेक्षा बरं. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघू नका.

डीलरची सेवा रोजच्या व्यवहारात कशी? नियमित सर्व्हिसला चांगली. वेळ देतात, काम दाखवतात, जुने भाग मागितले तर परत देतात. त्रास होतो तो तीन ठिकाणी. पुणे, नाशिक, कोल्हापूर, गोवा इथल्या मालकाला प्रत्येक कामासाठी मुंबई गाठावी लागते. फ्लॅटबेडचा खर्च कुणाचा, वाटेत खरचटलं तर जबाबदारी कुणाची, हे गाडी चढवण्याआधी लिहून घ्या, चारही बाजूंचे फोटो काढा, आणि गाडी हुकाने उचलू देऊ नका. गाडी ओढायचा हूक बंपरमधल्या झाकणामागे स्क्रूसारखा बसतो आणि चढताना नाक लागू नये म्हणून लाकडी फळ्या लागतात. दुसरा त्रास भागांचा: काच, दिवा, बंपर असा अपघाती भाग इटलीहून यायला आठवडे जातात, आणि तोवर गाडी वर्कशॉपमध्ये उभी. तिथे ती कंडिशनरवर आहे का, हे फोन करून विचारत राहा. तिसरा, अंदाजपत्रकात मजुरीचे तास आणि भाग वेगळे दाखवत नाहीत. वेगळे मागा. प्रत्येक भागाचा क्रमांक मागा. तो असला की दुसऱ्या ठिकाणची किंमत पडताळता येते.

कुठली घ्यावी? ४८८ भारतात पावणेचार कोटींहून अधिक किमतीला विकली गेली, तेही पर्याय आणि रस्त्यावर येण्याचा खर्च सोडून. आज ती बरीच खाली आलेली असते. लिफ्टर असलेली, आठव्या वर्षाचा अधिकृत शिक्का असलेली, मुख्य भागांची वॉरंटी चालू असलेली, १० ते १५ हजार किलोमीटर चाललेली गाडी मिळाली तर ती दोन हजार किलोमीटरवाल्या झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा मी आधी निवडेन. ज्यांना बिलाचा धक्का अजिबात नको त्यांनी पैसे वाढवून २०२१ नंतर नोंदलेली एफ८ बघावी. तीच चौकट, ७२० अश्वशक्ती, आणि सात वर्षांतलं काही अजून शिल्लक. विकणारा आठव्या वर्षाची सर्व्हिस "करून देतो" म्हणाला तर इसार देण्याआधी ती अधिकृत वर्कशॉपमध्ये करायला लावा, बिल त्याच्या नावावर घ्या, आणि गाडी तिथूनच ताब्यात घ्या.